डोंगरावरचं रविवारचं जेवण

हॉलंडमधल्या रायस्वाइक गावातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या घरातले सगळे आवाज बाबांचे होते. सकाळी दूध तापवताना ते शीळ घालायचे. काम घरूनच करायचे, आणि कानाला हेडफोन लावून इतक्या मोठ्यांदा बोलायचे की खालच्या मजल्यावरच्या डच आजी एकदा वर येऊन, मीटिंगमध्ये शेवटी काय ठरलं, असं विचारून गेल्या. दुपारी मी शाळेतून सायकलवरून भिजून आले की ते कांद्याची भजी तळत उभे असत, ऑफिसचा कॉल स्पीकरवर लावून. आई रोज ट्रेन आणि मग मेट्रो पकडून अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका ऑफिसात जायची आणि संध्याकाळी दमून यायची, दारात बूट काढतानाच विचारायची, "काय जाळलंत आज?" मी त्या दोघांशी डचमध्ये बोलायचे, फार तर इंग्रजीत. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून काढायची लाज वाटायची. बाबा म्हणायचे, "मराठीत माग, मग भजी मिळतील." मी हट्टाने उपाशी राहायचे, आणि शेवटी तेच हरायचे.

प्रमोदकाका म्हणजे बाबांचे पुण्यातले कॉलेजचे मित्र. दोघांनी मिळून सह्याद्री पालथा घातलेला. हॉलंडलाही दोघं एकाच सुमाराला आले, आणि या सपाट देशात डोंगर नाहीत म्हणून दोघांनीही जन्मभर कुरकुर केली. फरक एवढाच की बाबा कुरकुर करून गप्प बसायचे आणि प्रमोदकाका उठून जायचे. त्यांना दक्षिण इटलीचं वेड लागलं होतं. प्रसिद्ध समुद्रकिनारे नव्हेत, आतला कोरडा, डोंगराळ भाग, जिथे गावं टेकडीच्या शेंड्यावर घारीच्या घरट्यासारखी बसलेली असतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी गाढवांची जुनी पायवाट अजून शाबूत असते. दर वर्षी ते एकटे जायचे, परत आले की आमच्याकडे जेवायला यायचे, आणि आमच्या टीव्हीवर फोटो लावून बाबांना एकेक डोंगर दाखवायचे. बाबा लहान मुलासारखे पुढे सरकून बसत. "पुढच्या वर्षी आपण दोघं," काका म्हणत. "नक्की," बाबा म्हणत, आणि जायचं राहून जाई.

त्या वर्षी ते आले तो महिला दिन होता. रविवार. काकांनी आईसाठी पिवळ्या ट्युलिप्सचा गुच्छ आणला होता. शुभदाकाकू, त्यांच्या पत्नी, बरोबर आल्या होत्या, पण त्या दिवशी त्या फारसं बोलल्या नाहीत. त्यांचं पानातलं तसंच राहिलं हे आईच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी होळी, म्हणून आईने सुट्टीच्या दिवशीच पुरणपोळ्या केल्या होत्या. काका खोकत होते. बाबांनी विचारलं तर हसून म्हणाले, "अरे, तिकडच्या धुळीची अ‍ॅलर्जी. बाकी ठणठणीत." मग दुपारभर ते आणि बाबा एका सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून, एकाच वाडग्यातले भाजलेले शेंगदाणे खात डोंगर बघत बसले. मी माझ्या खोलीतून त्यांचं हसणं आणि तो खोकला ऐकत होते. पुढच्या आठवड्यात शाळा बंद झाल्या. बाबांना ताप भरला. फोनवर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांनाच तसं सांगत होते. आम्ही वाट बघितली. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली, अंतराळवीरासारखे कपडे घातलेली दोन माणसं आली, आणि बाबा जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. काका आले. खूप रडले. आमच्यापेक्षा जास्त.

बाबा गेल्याच्या दुःखावर आम्ही दोघी कशाबशा उभ्या राहिलो असतो. पण नंतर जे आलं त्याने आईला आडवं केलं. बाबा तर घराबाहेर पडत नव्हते, मग हे घरात आलं कुठून, असा प्रश्न आमच्या मराठी मंडळींत फिरू लागला, आणि त्याचं उत्तर प्रमोदकाकांनी दिलं. फोनवरच्या ग्रुपमध्ये, अगदी कळवळ्याने. वहिनींच्या ऑफिसात कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं होतं, त्यात रोजची ट्रेन, रोजची मेट्रो, बिचारीने नकळत घरी आणलं, तिला कुणी बोल लावू नका. बोल लावू नका म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना बोल लावायला शिकवलं. आईने ते वाचलं आणि तिला ते पटलं. त्यानंतर दीड वर्ष ती स्वतःच्या घरात परक्यासारखी वावरली. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, स्वयंपाक करताना हातमोजे. मी जवळ गेले की मागे सरकायची. एकदा मी चिडून डचमध्ये ओरडले, की आता काय उरलंय जपायला? ती शांतपणे म्हणाली, "तू उरली आहेस. एकाला मारलं, तेवढं पुरे." मी सोळा वर्षांची होते. आज मी त्या वेळच्या तिच्याहून कितीतरी मोठी आहे, मलाही मुलं आहेत, पण आपल्या आईच्या तोंडून ते वाक्य ऐकण्याची शिक्षा एखाद्या मुलीला कुठल्या गुन्ह्यासाठी व्हावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात लसी झाल्या, सरहद्दी उघडल्या, आणि काकांनी टूम काढली. सुहासचं, म्हणजे बाबांचं, राहिलेलं स्वप्न आपण पुरं करू; त्याच्या नावाने सगळे मिळून इटलीतल्या त्या डोंगरांवर जाऊ. आईला नको होतं. पण काकूंनी आणि बाकीच्यांनी आग्रह करून तिला तयार केलं, आणि मलाही घराच्या त्या भिंतींतून कुठेतरी पळायचं होतं. आम्ही सात-आठजण निघालो. राहण्याची सोय काकांनी दरीतल्या एका हॉटेलात केली होती; पण आम्ही विमानतळावर उतरतो न उतरतो तोच निरोप आला, की हॉटेलात कुणीतरी आजारी निघाल्यामुळे ते बंद झालंय आणि आमची व्यवस्था वरच्या गावातल्या एका शेतघरात केली आहे. गावाचं नाव ऐकून काकांचा चेहरा उतरला. ते फोनवर भांडले, जास्त लांबची हॉटेलं शोधली, तिथे डास आहेत, पाणी वाईट आहे, असं आम्हाला सांगितलं. पण बाकीचे दमले होते. देसाई म्हणून एक गृहस्थ होते, ते म्हणाले, "अरे प्रमोद, एवढ्या डोंगराळ गावात आयती जागा मिळतेय, चल की." मला तेव्हा काही कळलं नाही. काकांनी तिथे पोचल्यापासून टोपी, गॉगल आणि मास्क उतरवला नाही, आणि जेवण खोलीतच मागवलं, तेव्हाही कळलं नाही.

जागा मात्र काय होती! टेकडीच्या टोकाला दगडी घर, समोर गव्हाची कापून नेलेली पिवळी शेतं, त्यांच्यापलीकडे पावसाने कोरून काढलेले राखाडी मातीचे सुळके, आणि त्याच्याही मागे ओकच्या रानाने काळे पडलेले डोंगर. सकाळी गाईंच्या गळ्यातल्या घंटांनी जाग यायची. मालकीण कार्मेलाबाई, सत्तरीच्या, रुंद, मोठ्या आवाजाच्या. भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत टाकलेल्या असत. त्या मिरच्या कार्मेलाबाई तेलात तळून, मीठ भुरभुरून वाढायच्या. पहिल्या दिवशी आईने त्यातली एक तोंडात टाकली आणि बऱ्याच महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ही तर आपली सांडगी मिरची," ती म्हणाली. "फक्त तिखट व्हायची विसरलेली." पण या बाईंबद्दलची खरी नवलाची गोष्ट मला दुसऱ्या सकाळी कळली. दारात ठेच लागली म्हणून मी डचमध्ये एक शिवी हासडली, आणि स्वयंपाकघरातून उत्तर डचमध्येच आलं. कार्मेलाबाई तरुणपणी नवऱ्याबरोबर हॉलंडच्या पूर्वेकडे एका कापडगिरणीत कामाला होत्या. रोक्को आणि त्या. पैसे साठवून परत आले आणि हे घर बांधलं. त्यांची डच जुन्या वळणाची, मध्येच इटालियन घुसलेली, पण मला पाण्यासारखी समजत होती. आमच्या मंडळींत बाकी कुणालाच तेवढी येत नव्हती, आईलाही माझी घरातली साधी डच तेवढी कळायची; सगळ्यांची ऑफिसं इंग्रजीत चालायची, आणि काकांना इतक्या वर्षांत बेकरीत पाव मागण्यापलीकडे डच आली नव्हती; इटालियन मात्र ते कामापुरती बोलायचे.

शनिवारी पहाटे सगळे झोपलेले असताना मी त्यांच्याबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी विचारलं, "तो टोपीवाला तुझा बाप का?"

"नाही. माझे बाबा गेले. पहिल्या लाटेत."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "माझा रोक्कोही तेव्हाच गेला. ईस्टरच्या आधी." मग त्यांनी ती शेंग पुन्हा सोलायला घेतली. "तो टोपीवाला मला ओळख देत नाही. मला वाटलं होतं, आता येईल, मग येईल, रोक्कोचं विचारेल. माणूस चालतो कसा ते मी विसरत नाही. त्या वेळी तो इथेच उतरला होता. त्या कोपऱ्यातल्या खोलीत तापाने फणफणत पडला होता. रोक्को त्याच्या उशाशी बसून सूप भरवायचा. डॉक्टर बोलावू म्हटलं तर नको म्हणाला, इथेच अडकवून ठेवतील म्हणून. गोळ्या खाऊन ताप उतरवला, आणि रोक्कोने त्याला आपल्या गाडीतून विमानतळावर सोडलं."

मी विचारलं, "पुढे काय झालं?"

"मग रोक्को पडला," त्या म्हणाल्या. "तपासणीत तेच निघालं. मी लगेच याला फोन केला. त्याला कळेल अशा सोप्या इटालियनमध्ये म्हटलं, तुमच्याकडूनच आलंय, घरीच थांबा, कुणाला भेटू नका. तारीख मला पक्की आठवते. दुसऱ्या दिवशी बायकांचा सण होता. आमच्याकडे त्या दिवशी पुरुष बायकांना पिवळी फुलं देतात. रोक्को लग्नापासून एकही वर्ष चुकला नव्हता. त्या वर्षी चुकला."

पिवळी फुलं आमच्याकडे आली होती. फोन शनिवारी आला, आणि रविवारी तो माणूस फुलं घेऊन आमच्या दारात उभा राहिला, बाबांना खेटून बसला, त्यांच्या वाडग्यात हात घालून शेंगदाणे खाल्ले. आणि मग, हे सगळं माहीत असून, त्याने आपलं पाप उचलून आईच्या पदरात टाकलं.

त्या दिवशी आमची मोठी चाल होती. धारेवरून जाणारी अरुंद पायवाट, एका बाजूला रोजमेरीची झुडपं आणि दुसऱ्या बाजूला सरळ तुटलेला कडा. मी मुद्दाम काकांच्या मागे चालत राहिले. ते रंगात आले होते, आजूबाजूला कार्मेलाबाई नव्हत्या म्हणून मास्क हनुवटीवर उतरवलेला. काठीने डोंगर दाखवत सांगत होते, "इथे सुहासला आणायचं होतं मला." एका वळणावर ते अगदी कडेला उभे राहिले, दोन्ही हात पसरून. त्यांच्या पाठीवरचा घाम दिसेल इतक्या जवळ मी होते. मी त्या पाठीकडे पाहिलं आणि शांतपणे विचार केला. धक्का एवढासाच पुरला असता. मला थांबवलं ते दयेने नाही. हा पडला तर सगळे याच्यासाठी रडतील, याच्या नावाने पुढच्या वर्षी ट्रेक काढतील, आणि माझी आई मरेपर्यंत हातमोजे घालून पोळ्या लाटत राहील, हे मला त्या उन्हात लख्ख दिसलं. मला हा माणूस जिवंत हवा होता. बसलेला, जेवत असलेला, सगळ्यांच्या मध्ये.

परत आल्यावर मी कार्मेलाबाईंना गाठलं. आमच्याकडच्या त्या रविवारचं सांगितलं, आईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "जेवण बाहेर, ओकच्या झाडाखाली. खोलीत कुणालाही ताट मिळणार नाही. आणि मीही तुमच्याबरोबर बसेन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लांब टेबल मांडलं. टोप्यांसारखा दुमडलेला पास्ता, भाजलेलं चीज, जात्याएवढे पाव, त्या तळलेल्या मिरच्या. काका टेबलाच्या दूरच्या टोकाला बसले होते. मास्क काढल्याशिवाय जेवता येत नाही. त्यांनी तो काढला तशा कार्मेलाबाई उठल्या, त्यांच्या बरोबर समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डचमध्ये बोलू लागल्या. मी माझ्या जागेवरून उठले आणि मराठीत बोलू लागले. माझी मराठी अडखळत होती, क्रियापदं चुकत होती, पण टेबलावरचे सगळे आवाज बंद झाले, कारण मला मराठी बोलताना त्यांतल्या कुणी ऐकलंच नव्हतं.

"त्या म्हणतात, हा माणूस त्या वेळी इथे होता. त्याला खूप ताप होता. त्यांच्या नवऱ्याने त्याची सेवा केली. मग नवरा आजारी पडला. त्या म्हणतात, मी याला फोन केला. महिला दिनाच्या आदल्या दिवशी. कुणाला भेटू नकोस म्हणून सांगितलं."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. "अगं इरा, काहीतरी गोंधळ होतोय तुझा. यांची भाषा धड डच नाही, तुझं मराठी हे असं. मला कसला फोन आला नव्हता."

मी ते डचमध्ये कार्मेलाबाईंना सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं, आणि मी ते मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, फोन आधी एका बाईने उचलला होता."

सगळ्यांनी शुभदाकाकूंकडे पाहिलं. त्या पानाकडे बघत होत्या.  "मी उचलला होता आणि यांना दिला. निरोप काय होता ते यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं होतं यांना, उद्या जाऊ नका. हे म्हणाले, एवढ्या पुरणपोळ्या केल्यात, न जाऊन कसं चालेल."

आई काकूंकडे वळली. तिने आधी काकूंना विचारलं, अगदी हळू. "म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू मला सॅनिटायझरच्या बाटल्या आणून देत होतीस?"

काकू रडायला लागल्या. काका उठले, टेबलाला वळसा घालून आईसमोर आले आणि हात जोडले. "वहिनी, मला खरंच वाटलं नव्हतं... मी घाबरलो होतो. माफ करा. सुहास माझा भाऊ होता."

बाबांच्या या मित्राला आई नेहमी भावजी म्हणायची. त्या दिवशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "प्रमोद, त्याचं नाव तू घ्यायचं नाहीस. आज नाही, पुन्हा कधीच नाही. आणि हात खाली कर. जोडलेले हात बघून मला शिसारी येतेय." मग ती उठली, कार्मेलाबाईंकडे गेली, आणि दोन विधवा, एकमेकींच्या मातृभाषेतला एक शब्दही न येणाऱ्या, एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या.

आईचा सूड माझ्यापेक्षा सावकाश होता आणि जास्त खोल गेला. ती कधी आरडाओरडा करून बोलली नाही. रायस्वाइकला परतल्यावर तिने एकेका घरी फोन केला आणि जे घडलं ते, तेवढंच, सांगितलं. त्या वर्षीच्या गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काका आरतीचं तबक घेऊन फिरत होते. आईसमोर आले तेव्हा तिने हात मागे बांधून घेतले. तिच्या शेजारच्या बाईने तेच केलं, मग तिच्या शेजारचीने. तबक पुढे पुढे गेलं आणि एकाही हाताने ज्योतीला स्पर्श केला नाही. देसाईंनी तर पाठ फिरवली. काका हॉलच्या दाराशी पोचले, तबक एका खुर्चीवर ठेवलं आणि बाहेर पडले. वर्षभरात ते घर विकून दुसऱ्या शहरात गेले. मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले.

लोक मला अधूनमधून सांगतात, की राग धरून ठेवला की तो धरणाऱ्यालाच जाळतो. मला त्याने जाळलं नाही. मी शिकले, संसार केला, डोंगर चढले. आईला म्हातारपणी गाढ झोप लागायची आणि ती झोपेतच गेली. काका मात्र तिच्यानंतरही बरीच वर्षं जगले. शेवटी एकदा काकूंचा फोन आला. काका आता फार दिवसांचे नाहीत, रोज तुझं नाव काढतात, एकदा येऊन जा. मी गेले. दुपारची वेळ होती, खोलीत स्वच्छ ऊन होतं. ते पलंगावर चिपाडासारखे पडले होते. माझा हात शोधत म्हणाले, "इरा, आता तरी माफ केलंस ना?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली आणि त्यांना बाबांचे शेवटचे दिवस सांगायला सुरुवात केली. श्वास कसा तुटत गेला, परिचारिकेने व्हिडिओ कॉलसाठी त्यांच्यासमोर स्क्रीन धरली तेव्हा बाबा काय बोलायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांनी आम्हाला काय विचारलं. त्यांनी विचारलं होतं, प्रमोदचा खोकला बरा झाला का? ते ऐकून काकांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. काकू म्हणाल्या, "पुरे ग." मी पुरे केलं नाही, आणि उठलेही नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने मी गेले असेन असं वाटून त्यांनी डोळे उघडले. मग मी उरलेलं सांगितलं.